मुले ज्या तासाला हसतात

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननसंस्थेचा पाठ असतो, तो परीक्षेलाही असतो, आणि तरीही महाराष्ट्रातील कितीतरी वर्गांत तो पाठ जवळ आला की शिक्षक घसा खाकरतात, दोन पाने एकदम उलटतात आणि ‘हा भाग घरी वाचून या’ असे सांगून पुढील प्रकरणाकडे वळतात, ही गोष्ट ज्यांनी आपली शाळा विसरलेली नाही त्यांना नव्याने सांगावयास नको. त्या क्षणी मागच्या बाकांवरून जी खसखस पिकते तिचा अर्थ आपण वडीलधारी मंडळी पिढ्यान् पिढ्या एकच लावीत आलो आहोत: मुलगे वात्रट असतात, विषयाचे गांभीर्य त्यांना नसते, सबब हा विषय त्यांच्यापुढे न काढलेलाच बरा. त्या हसण्याचा दुसराही काही अर्थ असू शकेल अशी शंका फार थोड्यांना आली, आणि ज्यांना ती आली त्यांनी सुदैवाने प्रत्यक्ष मुलग्यांनाच विचारून पाहिले.

ब्रिस्टल विद्यापीठातील पॅन्डोरा पाउंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 ते 2015 या कालखंडात प्रसिद्ध झालेले, 10 देशांतील 55 अभ्यास एकत्र वाचून, शाळेतील लैंगिक शिक्षणाविषयी खुद्द विद्यार्थ्यांचे म्हणणे काय आहे याचे चित्र 2016 साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ब्रिटन, अमेरिका, जपान, ब्राझील, इराण अशा परस्परांशी फारसे साम्य नसलेल्या समाजांतील मुले त्यात बोलत होती, आणि तक्रारी मात्र थक्क व्हावे इतक्या सारख्या होत्या. त्यांतील मुलग्यांसंबंधीचा भाग विशेष वाचनीय आहे. या विषयातले सर्व काही मुलग्याला आधीच ठाऊक असते, किंबहुना ठाऊक असलेच पाहिजे, असा एक अलिखित दंडक प्रत्येक वर्गात असतो. त्यामुळे हात वर करून प्रश्न विचारणे म्हणजे स्वतःच्या अज्ञानाची भर सभेत कबुली देणे होय, आणि अशी कबुली देणाऱ्याची टिंगल त्या तासाबरोबर संपत नाही, ती टोपणनावाच्या रूपाने शाळा सुटेपर्यंत त्याच्या मागे राहते. तेव्हा शहाणा मुलगा काय करतो? तो हसतो, शेजाऱ्याला कोपरखळी मारतो, एखादा अचकट शब्द पुटपुटतो, आणि आपल्याला हे सारे जुनेच आहे असे भासवतो. ज्याला आपण उद्दामपणा समजतो ते पुष्कळदा थंडीत अंगावर ओढून घेतलेले पांघरूण असते.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे मुलग्यांच्या अपेक्षांचा क्रम आपल्या कल्पनेपेक्षा वेगळा का असतो याचा उलगडा होतो. लैंगिक शिक्षण म्हटले की आपला सारा वाद ‘काय सांगावे आणि किती सांगावे’ या मुद्द्याभोवती घुटमळतो. मुलग्यांची पहिली मागणी निराळीच असते. शिक्षकाने आधी वर्गाचा बंदोबस्त करावा, ही ती मागणी होय. ज्या तासाला कोणीही कोणाची फजिती करू शकतो त्या तासाला कोणीही काही शिकू शकत नाही, हे चौदा वर्षांच्या मुलाला कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञाइतके चांगले समजते. त्याला छडीचा धाक अपेक्षित नसतो. पहिल्याच टोमण्याला शांतपणे पायबंद घालणारा, ‘या तासाला कोणाच्या प्रश्नाला हसायचे नाही आणि येथले बोलणे बाहेर न्यायचे नाही’ हा नियम सर्वांकडून वदवून घेणारा, आणि मुख्य म्हणजे स्वतः न लाजणारा माणूस त्याला हवा असतो. शिक्षकाची लाज वर्गाला ताबडतोब कळते. फळ्याकडे तोंड करून बोलणारे, अवघड शब्दापाशी आवाज खाली आणणारे, मुलींना एका खोलीत पाठवून मुलग्यांना मैदानावर सोडून देणारे शिक्षक काहीही न शिकवता एक धडा पक्का शिकवून जातात, आणि तो धडा म्हणजे शरीर ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

मुलगे-मुली एकत्र बसवावीत की वेगवेगळी, हा प्रश्नही याच बंदोबस्ताच्या पोटातला आहे. इंग्लंडमध्ये 29 शाळांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2004 साली ‘लॅन्सेट’ मध्ये आले. तेरा-चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यांना त्याच शाळेतल्या सोळा-सतरा वर्षांच्या, प्रशिक्षण दिलेल्या मुलामुलींनी शिकवावे अशी ती योजना होती. विद्यार्थ्यांना ती शिक्षकांच्या तासापेक्षा अधिक पसंत पडली, परंतु निदान काही तास तरी मुलगे आणि मुली वेगळे असावेत असे 57 टक्के मुलींना वाटले, तर तसे म्हणणारे मुलगे केवळ 32 टक्के निघाले. मुलींचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण त्या खसखशीचा मारा बहुधा त्यांच्यावरच होतो. परंतु मुलग्यांपैकी बहुसंख्यांनी वेगळेपणा मागितला नाही ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. मुलींना काय वाटते, त्यांना काय नकोसे होते, मासिक पाळीच्या दिवसांत त्यांना काय सोसावे लागते हे कोणाकडून तरी नीट ऐकावे अशी मुलग्यांची इच्छा असते, आणि ती पुरी होण्याचे शाळेखेरीज दुसरे सभ्य ठिकाण त्यांना ठाऊक नसते. काही तास एकत्र आणि काही तास स्वतंत्र, हा तोडगा व्यवहार्य आहे. मात्र त्यासाठी एकत्र तासाला वर्ग ताब्यात ठेवू शकणारा शिक्षक हवा, म्हणजे आपण पुन्हा तेथेच येऊन पोहोचतो.

रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ हा 2013 साली आलेला चित्रपट पुष्कळांच्या स्मरणात असेल. चाळीतल्या चार जिज्ञासू मुलांना जे आईवडील सांगत नाहीत आणि शाळाही सांगत नाही ते सांगावयास त्यात विशू नावाचा एक वाह्यात मुलगा पुढे येतो. प्रत्येक आळीत, प्रत्येक वसतिगृहात आणि आता प्रत्येक भ्रमणध्वनीवरच्या गटात एक विशू असतोच. शिक्षकांनी त्याचा तिरस्कार करण्यापेक्षा त्याचा अभ्यास करावा असे माझे मत आहे, कारण मुलग्यांना शिक्षकात जे गुण हवे असतात त्यांतले निम्मे अधिक विशूपाशी आहेत. तो लाजत नाही. तो मुलांच्याच भाषेत बोलतो. प्रश्न विचारला म्हणून घरी चहाडी करीत नाही. ‘तुझे हे वय आहे का’ असे विचारीत नाही. त्याच्यापाशी उणीव एकाच गोष्टीची असते, आणि ती म्हणजे सत्याची; जे त्याने ऐकले, पाहिले वा कल्पिले ते सर्व तो सारख्याच आत्मविश्वासाने सांगतो. शाळेतील गुरुजींपाशी सत्य असते, पण बाकीचे काही नसते. मुलग्यांना हे दोन्ही एका ठिकाणी हवे आहे, इतकीच त्यांची साधी मागणी.

भाषेचाच प्रश्न घ्या. आपल्या शरीराच्या अवयवांसाठी मुलग्यांपाशी बहुधा केवळ शिव्या असतात आणि शिक्षकांपाशी केवळ पाठ्यपुस्तक असते. या दोहोंच्या मधली भाषा त्यांनी कोठे ऐकलेलीच नसते. अनुभवी प्रशिक्षक पहिल्याच दिवशी मुलांना ठाऊक असलेले शब्द न चिडता ऐकून घेतात, फळ्यावर त्यांच्या शेजारी शास्त्रीय शब्द लिहितात आणि पुढचे सारे तास त्या शास्त्रीय शब्दांनी चालवतात. एकदा हसून झाले की हसण्यासारखे काही उरत नाही. विनोदाचे वावडे येथे मुळीच नसावे. ‘मुंबई मिरर’ मध्ये 2005 पासून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देणारे, आणि 2020 च्या डिसेंबरात वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तलेले डॉ. महिंदर वत्स हे तर विनोदाच्या बळावरच भल्याभल्यांची भीती घालवीत. त्यांचा विनोद विचारणाऱ्याच्या भयावर असे, विचारणाऱ्यावर सहसा नसे, आणि हा भेद मुलगे अचूक ओळखतात.

आता मुलगे विचारतात तरी काय? येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण या प्रश्नांच्या पोटी जितके निष्कारण दुःख साठलेले आहे तितके क्वचितच दुसरीकडे आढळेल. झोपेत वीर्यस्खलन होते, हा रोग आहे काय? हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो काय, स्मरणशक्ती जाते काय, पुढे मूल होत नाही काय? माझा अवयव इतरांपेक्षा लहान आहे, एका बाजूस झुकलेला आहे, एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली आहे, याचा अर्थ काय? छातीला गाठ आल्यासारखे वाटते, मी मुलगी होत चाललो आहे काय? यांपैकी प्रत्येक प्रश्नाला वैद्यकशास्त्रात सरळ आणि दिलासा देणारे उत्तर आहे. निद्रावस्थेतील स्खलन ही वाढीची स्वाभाविक खूण होय. हस्तमैथुनाने शक्तीचा ऱ्हास होत नाही. दोन वृषणे एका पातळीवर नसणे हाच बहुधा नियम. आणि पौगंडावस्थेत निम्म्याच्या आसपास मुलग्यांच्या छातीला जी तात्पुरती वाढ येते ती सामान्यतः वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. पाच मिनिटांत सांगून होणारी ही उत्तरे न मिळाल्यामुळे मुलगे पोहायला जात नाहीत, खेळाच्या तासाला सदरा काढत नाहीत, आणि अधिक वाईट म्हणजे रेल्वेच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात त्या गुप्तरोगतज्ज्ञांच्या पायऱ्या चढतात. वीर्यनाशाच्या भयाने शरीर खंगल्याचा भास होणे ही आपल्या उपखंडात इतकी परिचित अवस्था आहे की डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 साली तिला ‘धात सिंड्रोम’ असे नावच देऊन ठेवले. रक्ताचे चाळीस थेंब आटून वीर्याचा एक थेंब होतो, हे गणित अजूनही सातवी-आठवीच्या मुलांना तोंडपाठ असते; प्रमेय शिकवणाऱ्या शिक्षकाने त्या गणिताला कधी हात घातलेला नसतो.

या प्रश्नांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि उत्तरांचीही. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यात वाचकांच्या पत्रांना रोखठोक उत्तरे दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे जे खटले झाले त्यांतील 1934 चा खटला अशा उत्तरांवरूनच झाला होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी विचारलेल्या शंकांचे निरसन केले, हा त्यांचा अपराध. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. विकृत आहे म्हणून प्रश्न टाळण्यापेक्षा ज्ञानाने त्याचे उत्तर देणे इष्ट, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. न्यायालयाने ती मानली नाही आणि कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षांनंतर मुलगे चिठ्ठीवर लिहून जे विचारतात ते या पत्रांहून फारसे निराळे नाही, हे पाहून हसावे की रडावे ते कळत नाही.

अर्थात काही प्रश्न कर्व्यांच्या काळी नव्हते. इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांच्या 2023 च्या अहवालानुसार तेथील मुले अश्लील चित्रफिती प्रथम पाहतात ते सरासरी तेराव्या वर्षी. आपल्याकडे घरोघरी स्वस्त इंटरनेट आल्यानंतर चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास मला आधार दिसत नाही. असे असता शिक्षकाने वर्गात उभे राहून मुलांनी जणू काही पाहिलेलेच नाही असे गृहीत धरून बोलणे म्हणजे मुलांच्या दृष्टीने शुद्ध नाटक होय. त्यांना ते पाहिल्याबद्दल शिव्याही नको असतात आणि परवानाही नको असतो. पडद्यावर दिसते तो अभिनय असतो, तेथील शरीरे निवडलेली असतात, तेथे कोणी कोणाला काही विचारीत नाही आणि वास्तवात विचारावे लागते, एवढे कोणी तरी सरळ शब्दांत सांगावे अशी त्यांची अपेक्षा असते.

विचारावे लागते, हा मुद्दा काढताना मात्र पुष्कळ शिक्षकांचा तोल जातो. एका बाजूस रोगांची चित्रे आणि दुसऱ्या बाजूस कायद्याची कलमे, असा तो तास होतो, आणि समोर बसलेला मुलगा उद्याचा आरोपी समजून त्याला दम दिला जातो. ब्रिस्टलच्या संकलनातील मुलांचीही शिकवण नकारात्मक असल्याची तक्रार होती. सारा रोख धोक्यांवर. कायदा सांगितला पाहिजे, यात वाद नाही. 2012 च्या पोक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याला मान्य नाही. मैत्रिणीने विश्वासाने दिलेले छायाचित्र पुढे धाडणे हा गुन्हा आहे, आणि लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य केवळ जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या सप्टेंबरात दिला, व त्याच निकालात लैंगिक शिक्षणाची शिफारसही केली. ही माहिती मुलग्यांना हवीच असते. पण त्याच कायद्याने मुलग्यालाही संरक्षण दिले आहे, हे किती वर्गांत सांगितले जाते? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 13 राज्यांतील 12,447 मुलांच्या पाहणीत अर्ध्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच, 52.94 टक्के होते. ज्याच्यावर स्वतःवर असा प्रसंग गुदरला आहे तो मुलगा त्या तासाला बसलेला असतो, आणि ‘मुलींशी नीट वागा’ एवढेच ऐकून उठतो. ज्याला मुलींऐवजी मुलगेच आवडू लागले आहेत असा एखादा मुलगाही तेथे असतो. त्याचे नाव कोणी घेत नाही, घेतले तर टवाळीपुरते.

हे सारे कोणापाशी बोलावे? आपल्याच नेहमीच्या शिक्षकांनी हा विषय घेऊ नये असे पुष्कळ मुलांना वाटते, असे ब्रिस्टलच्या त्या संकलनात दिसते, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कोणालाही त्याचे कारण सांगावे लागणार नाही. गणिताचे सर संध्याकाळी बाजारात वडिलांना भेटतात, त्यांच्याच शिकवणीला जायचे असते, प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्याच हाती असतात. त्यांना आपली शंका कळली तर ती दप्तरी जमा झाली असेच मुलगा समजतो. म्हणून बाहेरून डॉक्टर बोलवावेत, असा उपाय सुचवला जातो. तो चांगला असला तरी अपुरा आहे, कारण डॉक्टर एक दिवस येतात आणि खरा प्रश्न तीन आठवड्यांनी सुचतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेले ‘तारुण्यभान’ चे उपक्रम, किंवा सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ केंद्रे यांचा पत्ता निदान प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर असावा, म्हणजे मागाहून जाण्यास जागा राहील. नाव न घालता प्रश्न लिहून टाकावयाची चिठ्ठ्यांची पेटी ही तर फुकटात होणारी सोय आहे. पहिल्या दिवशी त्या पेटीत निम्म्या चिठ्ठ्या टवाळीच्या निघतील, आणि ते अपेक्षितच धरावे. शिक्षक दचकतो की नाही याची ती परीक्षा असते.

परंतु शिक्षक दचकू नये अशी तजवीज आपण केली आहे काय? कारभाराचा इतिहास पाहावा. 2005 मध्ये केंद्राने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या साहाय्याने किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखला. 2007 मध्ये त्यातील चित्रांवरून विधिमंडळांत गदारोळ होऊन महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो बंद केला. 2009 मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नसावे अशीच शिफारस केली. आणि 2020 मध्ये आयुष्मान भारतखाली प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत नेमून किशोरवयीनांशी आरोग्याच्या विषयांवर बोलण्याचे काम सोपवण्यात आले. एका फर्मानाने शिकवावयाचे, दुसऱ्याने थांबावयाचे, तिसऱ्याने निराळ्या नावाने पुन्हा आरंभ करावयाचा, आणि मध्यंतरी एखाद्या पालकाने तक्रार केली तर चौकशीला एकट्या शिक्षकाने सामोरे जावयाचे, असा हा मामला आहे. अशा स्थितीत घरी वाचून या म्हणणाऱ्या शिक्षकाला भित्रा म्हणणे सोपे आहे, पण त्याच्या जागी उभे राहिले म्हणजे तो बहुधा व्यवहारी ठरतो. ज्या शाळेला या तासाला न लाजणारा माणूस उभा करावयाचा असेल तिने वर्षाच्या आरंभी पालकांची सभा बोलावून अभ्यासक्रम वाचून दाखवावा, शंका तेथेच निकालात काढाव्यात, आणि तक्रार आली तर उत्तर मुख्याध्यापक देतील, शिक्षक देणार नाही, असा ठराव शालेय समितीच्या इतिवृत्तात सहीनिशी नोंदवून ठेवावा. मगच त्या शिक्षकाच्या हाती चिठ्ठ्यांची पेटी द्यावी.